ताईंचं झाकलेलं पान

माझ्या मोठ्या जाऊबाई, आमच्या ताई, गेल्या त्याला दीडेक महिना झाला, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. दवाखान्यातून त्यांच्या मुलाचा, प्रशांतचा फोन आला. "काकू, आई गेली..." तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अशी कशी गेली? आमचा डाव अर्धा पडून आहे न!" त्याला वाटलं, काकूंच्या डोक्यावर परिणाम झाला. झाला नव्हता. डाव खरंच अर्धा पडून होता, खिडकीजवळच्या टेबलावर.

तेरवीच्या आधी प्रशांतने सगळ्यांना मेसेज पाठवला, त्यात आईचं वर्णन होतं 'धार्मिक, शांत आणि अबोल'. अबोल! आमच्या वाडीच्या घरासमोर ट्रक आडवा लावणाऱ्या ड्रायव्हरला खिडकीतून ओरडून गाडी मागे घ्यायला लावणारी बाई अबोल? तेरवीला तर एका नातेवाईक बाईंनी डोळ्यांना पदर लावून सांगितलं की ताई दुपारभर जपमाळ ओढायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, दुपारभर ताई माझ्यासोबत पोकर खेळायच्या! चिंचोक्यांवर. आणि अशा खेळायच्या की समोरच्याने कपाळ बडवून घ्यावं. मी तिथल्या तिथे हे बोलणार होते, तर प्रशांतने डोळे वटारले. "काकू, लोकांना आता पत्ते सांगायचे का?" का नाही सांगायचे? पत्त्यांची लाज वाटते, आणि खोट्या जपमाळेची वाटत नाही?

ताईंचे वडील कन्हानकडे कोळशाच्या खाणीत नोकरीला होते. तिथल्या क्लबात ते हा खेळ शिकले, आणि घरी भिडू हवे म्हणून त्यांनी मुलींना शिकवला. स्टड पोकर. मोठी सून होऊन ताई आमच्या घरी आल्या त्या हा खेळ घेऊनच. माझं लग्न पुढे झालं, आणि स्वयंपाकघर आवरल्यावर दुपारी त्या मला धरून बसवू लागल्या. नियम ऐकायला सोपे. पाच पानं, पहिलं पालथं, ते फक्त आपण पाहायचं. बाकीची चार एकेक करून उताणी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. प्रत्येक उताण्या पानानंतर चिंचोके लावायचे. समोरचीने लावले तेवढे आपण लावायचे, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे.

पण मी पडले दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्या घरातली. पहिल्याच आठवड्यात मला ओळीने पाच पानं आली, आणि मी आनंदाने चिंचोके ओढायला लागले. ताईंनी मनगट धरलं. त्यांच्याकडे पाचही बदाम होते.

"कुठी चालला हात? रंग मोठा असते."

"काहून? सिक्वेन्स मोठी असते, ताई! आमच्या घरी लहान पोराले बी माहीत आहे."

"तुमच्या घरी तीन पानं. अठी पाच. पाच पानं एका रंगाची आणून दाखव मले, मग भांड."

मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. आजही माझं म्हणणं आहे की हा नियम अन्यायाचा आहे. पण तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा जाऊन बसले, कारण तेवढा वेळ या घरात मला कोणी काही आणायला, वाढायला, निसायला सांगत नव्हतं.

त्यांचा सगळ्यात कडक नियम पालथ्या पानाचा होता. आपलं पान आपल्याच हातानं उलटायचं, दुसरीच्या पानाला बोटही लावायचं नाही. आणि समोरचीचं पान पाहायचं असेल तर आधी तिच्याएवढे चिंचोके टाकायचे. इथेच त्यांनी मला जन्मभर छळलं. चेहरा असा ठेवायच्या, जसं काही दूध तापवत बसल्या आहेत, आणि ढीगभर चिंचोके पुढे लोटायच्या. मी घाबरून दर वेळी पत्ते टाकून पॅक. मग विचारायचे, "ताई, खरंच होतं का हो पान? का थाप मारून राहिल्या होत्या?" त्या पान गड्डीत मिसळून टाकायच्या. "पाहाचं होतं तं टाकाचे होते न चिंचोके." इतका संताप यायचा!

डाव अर्धा राहिला त्या दुपारी माझ्यासमोर सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी उताणी होती, आणि खाली गुलाम. ताईंची चारही उताणी पानं इस्पिकची. पालथं इस्पिक असेल तर रंग, म्हणजे मी गेले. नसेल तर नुसती थाप. त्यांनी होते नव्हते ते सगळे चिंचोके पुढे लोटले आणि म्हणाल्या, "बोल." मी विचार करत होते, तेवढ्यात त्यांनी टेबलाची कड धरली. "जरा गरगरून राहिलं वं मंदा... पत्ते हलवू नको. आलीच मी." प्रशांत त्यांना गाडीत घालून घेऊन गेला. आल्या नाहीत. आलीच म्हणून गेलेलं माणूस येत नाही, याला काय म्हणायचं? एवढी नियमाची बाई!

मी त्या पत्त्यांवर आंबे झाकायची जाळी ठेवली आहे. बाहेरून ट्रक गेला की टेबल हलतं, तेव्हा मी हात ठेवून बसते. तेरवीच्या दिवशी त्या टेबलावर हार घातलेला फोटो ठेवायचं चाललं होतं. मी ठेवू दिला नाही. प्रशांत चिडला, मग मऊ झाला. "काकू, पाहून टाका न एकदाचं," म्हणत त्याने हात पुढे केला. मी त्या हातावर चापट मारली. चांगला बाप झालेला माणूस, पण मारली. आईला जपमाळ देऊन मोकळा झालास, आता तिचं पानही तूच उलटणार? तो खुर्चीवर बसला. बराच वेळ त्या चार इस्पिकांकडे पाहत होता. "आई थापच मारत असेल," म्हणाला, आणि रडला.

काल दुपारी स्वयंपाकघर आवरून मी जाळी उचलली. माझ्या वाटचे सगळे चिंचोके न मोजता पुढे लोटले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पॅक केलं नाही.

टाकले मी चिंचोके, ताई. आता दाखवा न.