तिसरी पुकार

आमच्या मंडळीत लग्न ठरलं की त्याची सूचना सलग तीन रविवार उपासनेत वाचून दाखवतात. तिला पुकार म्हणतात. पाळक दोघांची नावं वाचतात आणि विचारतात, या विवाहाला कुणाची हरकत आहे का? लहानपणापासून मी कितीतरी पुकारा ऐकल्या, पण कुणी कधी उठलेलं पाहिलं नाही. सत्तावन्नाव्या वर्षी माझ्या स्वतःच्या लग्नाची पुकार ऐकायला मी शहरातल्या छावणी भागातल्या आमच्या चर्चमध्ये बसले होते, आणि माझ्या शेजारी माझ्या गेलेल्या नवऱ्याची आई बसली होती.

माझे यजमान चितेगावला एका कारखान्यात होते. या लग्नाच्या आठ वर्षं आधी एका सकाळी डबा घेऊन गेले आणि दुपारी फोन आला. हार्ट अटॅक. मी स्वतः नर्स, रोज दवाखान्यात असणारी, पण त्या दिवशी माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पंधराव्या दिवशी मी ड्यूटीवर हजर झाले. सगळे म्हणाले, सिस्टर धीराची आहे. तो धीर नव्हता हे मला कळत होतं. जखम खालून भरत यावी लागते. वरून कातडी आधी मिटली की आत पू राहतो, म्हणून आम्ही खोल जखमेत पट्टी भरून ती मुद्दाम उघडी ठेवतो. दुसऱ्यांच्या जखमांना मी जे कधीच करू दिलं नसतं, ते स्वतःच्या बाबतीत केलं होतं. रविवारी चर्चला जायचे, गीतं म्हणायचे, प्रार्थनेत डोळे मिटायचे. मुलीसाठी मागायचे, सासूबाईंसाठी मागायचे. स्वतःसाठी काही मागायचं असतं हेच विसरून गेले होते.

सासूबाई माझ्याकडंच राहिल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मूळच्या गंगापूर तालुक्यातल्या, वय ऐंशीच्या पुढं, जीभ अजून तरणी. मुलीचं लग्न होऊन ती सिडकोत गेली होती. दोन खोल्यांत आम्ही दोघीच. मी निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता हेच. आत्याबाईंच्या गोळ्या, रविवारची उपासना आणि संध्याकाळी दाराशी खुर्ची.

ईस्टरच्या आधीच्या शनिवारी आमची मंडळी कबरस्तान साफ करते. गवत काढायचं, कबरींना चुना द्यायचा. लग्नाच्या आदल्या वर्षी त्या शनिवारी मी यजमानांच्या कबरीवर चुन्याचा हात फिरवत होते. पलीकडच्या रांगेत एक गृहस्थ बायकोच्या कबरीला चुना देत होते आणि दिलेला चुना त्यांच्याच शर्टाला लागत होता. उंच, पांढऱ्या मिशा, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"त्यात डिंक घातलाय का?" मी विचारलं.

"डिंक? चुन्यात?"

"नाहीतर असाच निघत राहील. पहिल्या पावसात सगळा जाईल."

ते बादलीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पाच वर्षं झाली, दर साली जातोय. मला वाटायचं चुनाच हलका मिळतोय."

मी माझ्याकडचा भिजवलेला डिंक त्यांना दिला. गंगापूरचे होते, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. बायकोचं माहेर छावणीतलं, म्हणून तिला इथं ठेवलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते कबरीवर यायचे आणि आमच्याच चर्चमध्ये उपासनेला बसून परत जायचे. मी त्यांना याआधी पाहिलं असणार, पण आठवत नव्हतं.

त्या ईस्टरनंतर ते महिन्यातून दोनदा दिसू लागले. मग दर रविवारी. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता तरी हे त्यांना आधी दिसलं.

"गंगापुरात मंडळी नाय का?" एका रविवारी घरी येताना त्यांनी मला विचारलं.

"आहे की."

"मग ह्यो दर रविवारी येवढं तिकीट काढून कशाला येतो?"

"पाळकांचा उपदेश आवडत असेल."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "उपदेशच."

थंडीत त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. त्या दिवशी हे गृहस्थ न बोलावता दवाखान्यात आले आणि मी कागदपत्रांच्या रांगेत असताना आत्याबाईंजवळ बसले. मी परत आले तर दोघांचं भांडण चाललं होतं. आत्याबाईंचं म्हणणं असं की, फार वर्षांपूर्वी त्या बाजारातून शेळी घेऊन फाट्यावर उभ्या होत्या आणि एसटीच्या ड्रायव्हरनं शेळी बघून गाडी थांबवलीच नाही. उन्हातून तीन कोस चालावं लागलं.

"त्या रूटला मीच होतो, आई," ते म्हणाले. "म्हणजे मीच असेन."

"तूच व्हतास. मिशी काळी व्हती."

"चुकलं माझं. माफ करा."

"शेळीला इचार," आत्याबाई म्हणाल्या आणि डोळ्यावर पट्टी असताना हसल्या. त्यांचा मुलगा गेल्यापासून त्या अशा मोठ्यानं हसलेल्या मला आठवत नव्हत्या.

नवीन वर्ष लागल्यावर एका रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात चहा होता. ते कागदी कप घेऊन माझ्यापाशी आले.

"सिस्टर, एक विचारायचंय. तुम्ही नाय म्हणालात तरी चालेल. फक्त नंतर रविवारी भेटल्यावर सलाम घेत जा, येवढीच विनंती." मग एका दमात म्हणाले, "आपण लग्न करावं असं मला वाटतं. मी प्रार्थना करून विचारतोय. उगाच नाय."

मी चहा तसाच हातात धरून घरी आले, कप टाकायचाही राहिला.

तीन आठवडे मी कुणाला सांगितलं नाही. सकाळी उठून वाटायचं, हो म्हणावं. दुपारी यजमानांच्या फोटोखाली उभं राहिलं की स्वतःची लाज वाटायची. ज्या माणसाबरोबर वेदीपुढं उभी राहून शपथ घेतली तो शंभर पावलांवर मातीत आहे आणि मी हे काय मनात आणते आहे. शेवटी पाळकांकडं गेले. आमचे पाळक माझ्या मुलीच्या वयाचे.

त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "मावशी, लग्नात तुम्ही कुठवरचं वचन दिलं होतं?"

"मरण येईपर्यंतचं."

"मग तुम्ही ते मोडलं कुठं?"

"नाही मोडलं."

"पूर्ण केलंत. पूर्ण झालेल्या वचनाची भीती कशाला बाळगता? प्रभूच्या कबरीच्या दारावरचा दगड कुणीतरी बाजूला सारून ठेवलेला आहे आणि तुम्ही अजून दाराशी बसून त्याला टेकून आहात."

ते साधंच बोलले. पण मी चर्चच्या पायरीवर येऊन बसले आणि आठ वर्षांत जी रडले नव्हते ती रडले. आवारातला झाडूवाला एकदा येऊन बघून गेला. मग पहिल्यांदा मी स्वतःसाठी मागितलं. काय मागावं ते नीट सुचलं नाही. प्रभू, मला हे हवं आहे, एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांना हो सांगितलं.

मुलीला सांगितलं ते तिच्या घरी, स्वयंपाकघरात. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"पप्पांच्या फोटोचं काय करणार?" तिनं विचारलं.

तिनं लाटणं परत हातात घेतलं आणि माझ्याकडं न बघता सगळ्या पोळ्या लाटल्या. त्यानंतर तिचा फोन बंद झाला. रोज सकाळी सातला फोन करणारी पोरगी. मी केला तर जावई उचलायचे, ती आंघोळीला गेलीय म्हणायचे.

ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत आमच्याकडं लग्नं लावत नाहीत, म्हणून ईस्टर उलटल्यावर पुकार सुरू करायचं ठरलं. मी लग्नानंतर गंगापूरला जाणार होते, त्यांचं घर तिथं. आत्याबाईंना नाशिकच्या धाकट्या दिरांकडं पाठवायचं असं दिरांशी फोनवर बोलून ठरलं. आत्याबाई काही म्हणाल्या नाहीत. फक्त लग्नाच्या साडीची गोष्ट निघाली तेव्हा म्हणाल्या, "पांढरी घेऊ नको. पस्तीस वर्षं दवाखान्यात पांढरंच नेसलीस."

पहिल्या रविवारी पाळकांनी नावं वाचली तेव्हा माझे कान इतके तापले की पुढचं ऐकूच आलं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी "या वयात?" म्हणालं ते मात्र ऐकू आलं. मुलगी आली नव्हती. दुसऱ्या रविवारीही नाही.

तिसऱ्या रविवारी गीत चालू असताना मागचं दार वाजलं. मी मान वळवून पाहिलं तर मुलगी शेवटच्या बाकावर येऊन बसली होती, डोक्यावर ओढणी, मान खाली. ही हरकत घ्यायला आली असेल का?

पाळकांनी तिसऱ्यांदा वाचलं. "कुणाची हरकत असेल तर आताच सांगावं."

माझ्या शेजारी काठी टेकल्याचा आवाज झाला. आत्याबाई उभ्या राहात होत्या.

सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या.

"आजी, तुम्हाला काही बोलायचंय?" पाळकांनी विचारलं.

"बोलायचंय."

"हरकत आहे तुमची?"

"हाय."

पुरुषांच्या बाजूला ते बसले होते, त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

"ही माझी सून," आत्याबाई म्हणाल्या. "माझा ल्योक गेला तवा लोक म्हणले, आता म्हातारी कुठं जाईल. हिनं ते मला इचारलंबी नाय. माझी खाट व्हती तिथंच ठिवली. आठ वर्षं माझं न्हाणंधुणं केलं, डोळ्यात औषध घातलं. आता हिचं लगीन ठरलं, लई चांगलं झालं. पण हिनं नाशिकला फोन केला, दिरानं व्हय म्हणलं, सगळ्यांनी ठरवलं. मला कुणी इचारलं का, म्हातारे, तुला कुठं राहायचंय? मला नाशिक नको. मला हिच्याबरोबर जायचंय. येवढीच माझी हरकत."

मी त्यांचा हात धरला. रोज त्यांच्या गोळ्या मोजून देणारी मी, आणि ही एक गोष्ट मला विचारता आली नव्हती. त्या माणसाच्या घरी आपल्या पहिल्या सासूला न्यायचं कसं विचारावं, या संकोचात मी त्यांनाच सामानासारखं नाशिकला पाठवायला निघाले होते.

तेवढ्यात पलीकडून ते उठले. पस्तीस-चाळीस बाकांचं लहानसं चर्च, पण त्यांनी एसटी स्टँडवर बोलावं तसं मोठ्यानं सांगितलं. "पाळकसाहेब, घरात पुढची खोली आईंसाठी रंगवून ठेवली आहे. महिना झाला. सिस्टरना सांगायला लाजलो. वाटलं, लग्नाआधीच यांच्या घरच्या माणसांवर हक्क सांगतोय असं दिसेल."

आत्याबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. "खिडकी हाय का?"

"दोन आहेत, आई."

"मग माझी हरकत नाय," त्या पाळकांना म्हणाल्या. "लिहून घ्या." आणि खाली बसल्या.

आधी कोण हसलं ते माहीत नाही. मग सगळे हसले. पाळकांना पुढची प्रार्थना सुरू करायला दोनदा घसा खाकरावा लागला.

उपासना संपल्यावर मुलगी पुढं आली. डोळे लाल, पण हसत होती. आजीच्या पायाशी बसून तिनं विचारलं, "आजी, आणि पप्पांचा फोटो?"

"फोटो माझ्या ल्योकाचा हाय," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या खोलीत लागंल. दुसऱ्या कुणाचा काय संबंध?"

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मग मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "आई, आता तरी तुला सिस्टर म्हणू नका म्हणून त्यांना सांग." ते मी सांगितलं. अजून म्हणतात.

मे महिन्यात, भर उन्हात, आमचं लग्न लागलं. मी आकाशी साडी नेसले होते.

गंगापूरला येऊन आता वर्ष होत आलं. पहिले दिवस सोपे नव्हते. दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात चमचा कुठं असेल हे शोधणं फार अवघड असतं. त्यांच्या पहिल्या बायकोच्या हातची नावं अजून डब्यांवर आहेत, धने, तीळ, खोबरं. सुंदर अक्षर. मी ती काढली नाहीत. पूर्वी मला वाटायचं, प्रभू सगळं नवं करतो म्हणजे जुनं पुसून टाकतो. तसं नसावं. मी तिच्याच डब्यातले तीळ काढून माझ्या हातानं चटणी करते, आणि संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत आम्ही तिचं आणि माझ्या गेलेल्या यजमानांचं, दोघांचं नाव घेऊन आभार मानतो. आत्याबाईंची प्रार्थना सगळ्यात लांब असते. कधी कधी त्यातच त्यांना डुलकी लागते.

बुधवारी सकाळी मी ओसरीवर बीपीचं मशीन घेऊन बसते. निवृत्त झाल्यावर पेटीत ठेवून दिलं होतं ते. आधी शेजारच्या दोघी आल्या, आता वस्तीवरून मेंढरं राखणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्याही येतात, बोहरी आळीतल्या चाची येतात. हे खुर्च्या मांडतात, नंबर लावतात, शिस्त मात्र एसटीची. आत्याबाई खिडकीत बसून प्रत्येकीची चौकशी करतात.

मागच्या बुधवारी एका नव्या बाईनं त्यांना विचारलं, "सिस्टर तुमच्या कोण?"

"सून."

"आणि हे? तुमचे चिरंजीव?"

आत्याबाईंनी जरा विचार केला. "आता तसंच म्हणायचं," त्या म्हणाल्या. "बस, तुझा नंबर चौथा हाय."

मी मशीनचा पट्टा तिच्या आधी आलेल्या बाईच्या दंडाला गुंडाळत होते. बीपी थोडं जास्त होतं. मीठ कमी करायला सांगितलं.