खासदारसाहेब आणि खुटबावची गाडीवाट

पायाला भिंगरी लागलेल्या वकिलाकडे ज्युनियर म्हणून राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, पळता पळता अंगाला चिकटतात. आमचे साहेब सकाळी शिरूरच्या कोर्टात, दुपारी दौंडच्या. फायली घेऊन मागे मी. माझी निम्मी वकिली त्यांची पाठ बघण्यात गेली.

युक्तिवाद करतानाही साहेबांच्या येरझाऱ्या चालू. एकदा शिरूरचे न्यायाधीश वैतागले. "वकीलसाहेब, एका जागी उभे राहा, माझी मान दुखायला लागली." साहेब उभे राहिले आणि मुद्दाच विसरले! शेवटी मी पुढची तारीख मागितली.

नव्वदच्या दशकात त्यांना लोकसभेचं तिकीट मिळालं. प्रचारातही उलटतपासणीची खोड सुटेना. केडगावात एका आबांनी नळाला पाणी येत नसल्याची तक्रार केली. साहेब म्हणाले, "कधीपासून? स्वतः पाहिलंत की ऐकीव माहिती?"

आबा म्हणाले, "साहेब, तुमाला मत पायजे का जबाब?"

तरी निवडून आले. दिल्लीहून त्यांचा पहिला फोन आला, "अरे, इथं चालता चालता बोलूच देत नाहीत!"

हाल झाले पक्षकारांचे. खुटबावच्या बिरूमामांची शेतात जायची गाडीवाट चुलतभाऊ अडवायचा. दौंडच्या कोर्टात दावा होता, पण साहेब दिल्लीत आणि मामांचा माझ्यावर भरवसा नाही. "तुमी हाय व्हय, पर साहेब कवा येनार?"

त्यात एका वर्षी ऐन ऊसतोडीत चुलतभावानं वाटेवर बाभळीचे काटे टाकले. ट्रॅक्टर आत जाईना, तोडलेला ऊस फडातच वाळायला लागला. शेवटी मी साहेबांना दिल्लीला फोन करून म्हणालो, "निदान मामांना भेटून तरी या."

साहेब आले. खासदाराची गाडी दिसताच चुलतभावानं स्वतःच्या हातांनी काटे बाजूला केले, वर नमस्कारही घातला. साहेब आत असेपर्यंत पुन्हा काटे टाकायची त्याची छाती नव्हती.

मामांच्या शेतातल्या वस्तीवर चहा झाला. मग पुन्हा चहा झाला. बाहेर ट्रॅक्टर घरघरत होता. साहेब उठले की मामा हाताला धरून बसवायचे. साहेबांची नुसती चुळबूळ. अखेर घड्याळ पुढं करून म्हणाले, "मामा, आता निघू द्या. पुण्याहून विमान आहे."

मामांनी आणखी एक कप त्यांच्या हातात दिला. "बसा साहेब. आजून दोन ट्रॉल्या भरायच्या हायत."