श्रोते धरून आणणाऱ्या मावशी

नागपुरात आजवर जितकी माणसं स्वतःच्या मर्जीविरुद्ध शहाणी झाली, त्यांतली निम्मी तरी आमच्या घरमालकीण मावशींच्या हातून झाली असतील. मी नंदनवन नावाच्या वस्तीत त्यांच्या वरच्या मजल्यावर नऊ वर्षं भाड्यानं राहतो आहे. या काळात मला मूतखडा, गांडूळखत, धूमकेतू, संत्र्याची कलमं, सुंदर हस्ताक्षर आणि मधमाश्यांचा स्वभाव यांविषयी जे काही ज्ञान झालं, त्यातलं काहीही मी मागितलेलं नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकाला सार्वजनिक वाचनालय आहे. खाली पुस्तकं आणि वर्तमानपत्रं, वर एक सभागृह. सभागृह म्हणजे एक लांबट खोली, पन्नासेक लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि घशात काहीतरी अडकल्यासारखा बोलणारा माइक. दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला तिथे कार्यक्रम असतो. वक्ता ठरवायचं काम ग्रंथपालांचं. श्रोते पुरवायचं काम मावशींनी आपल्याकडे घेतलं होतं. त्यांना ते कोणी दिलं होतं, याचा शोध लागलेला नाही.

पाच वाजले की मावशी वाचनालयाच्या फाटकावर उभ्या राहत. ठेंगणी, गोल मूर्ती, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि नजर अशी की रस्त्यानं जाणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. मे महिन्यात त्यांचं काम सोपं असे. "वर कूलर लावला आहे, दोन मिनिटं टेका," एवढंच म्हणायचं. बाहेर डांबर वितळत असताना त्या कूलरच्या हवेत बसलेला माणूस ज्वालामुखीवरचं व्याख्यानसुद्धा आनंदानं ऐकतो. बाकीचे महिने मात्र त्यांना कसब लागे. भाजीवाल्याला त्या हातगाडीसकट आत घेत. गाडी जिन्याखाली आणि भाजीवाला तिसऱ्या रांगेत. एकदा हातात गिफ्टचा खोका घेतलेले एक गृहस्थ त्यांना मंगल कार्यालयाचा पत्ता विचारायला थांबले. मावशींनी पूर्ण वाक्य ऐकून घेतलं नाही. "हो, हो, वरच आहे, चला," म्हणाल्या. ते गृहस्थ मूतखड्यावरच्या व्याख्यानाला तासभर बसले. लग्नात आधी डॉक्टर का बोलतो आहे, हे विचारायचा त्यांना संकोच वाटला असणार. शेवटी उठून त्यांनी तो खोका वक्त्याच्याच हातात दिला आणि नमस्कार करून निघून गेले. त्यात काचेचे सहा ग्लास निघाले. डॉक्टर इतके भारावले की पुढच्या वर्षी स्वतःहून परत आले.

गंमत अशी की मावशी स्वतः काहीच ऐकत नसत. वक्त्यानं "अध्यक्ष महोदय" म्हटलं की तिसऱ्या मिनिटाला त्यांची मान कलायची आणि टाळ्या वाजल्या की उठायची. मी एकदा त्यांना छेडलं, तर म्हणाल्या, "ऐकाले लोकं आणले ना मी? आता ऐकू बी मीच काय?"

"पण मावशी, तुम्हाला ऐकायचंच नाही, तर मग ही दगदग कशासाठी?"

त्यावर त्या म्हणाल्या, "माणूस घरून तयारी करून येते गा. आरशासमोर बोलून पाहते. इथं आला अन् समोर रिकाम्या खुर्च्या दिसल्या, तर त्याचा जीव कसा होत असंन?"

मावशी तरुणपणापासून निवृत्तीपर्यंत सरकारी नर्स होत्या. मौद्याच्या पलीकडच्या गावांमध्ये आधी पायी, मग सायकलवर आणि शेवटी लुनावर फिरून त्यांनी बाळंतपणं केली. हे मला माहीत होतं ते इतपतच. जिन्यात भेटलं की त्या एखादं अर्धं वाक्य टाकत, "बैलबंडीतच झालं ते पोरगं, नदीच्या मधात," आणि मी घाईत असे. "हो का?" म्हणून मी वर जात असे.

एका जानेवारीत एका शनिवारचा वक्ता येत नसल्याचं कळलं, तेव्हा ग्रंथपालांना सुचलं की मावशींनाच बोलायला सांगावं. मावशी आधी हसल्या, मग रागावल्या, मग दोन दिवसांनी स्वतः जाऊन हो म्हणून आल्या. विषय त्यांनी सांगितला, "मी केलेली बाळंतपणं." ग्रंथपाल सभ्य गृहस्थ. त्यांनी फळ्यावर लिहिलं, "ग्रामीण आरोग्यसेवेतील काही अनुभव." मावशी फळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "असं नाव पाहून तर मी बी नसती आली."

पण तो आठवडा त्या वेगळ्याच होत्या. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्या दोरीवरच्या चादरींना उद्देशून बोलत. मी दात घासता घासता ऐकायचो. "मंग मी त्या बाईले म्हटलं," एवढं ऐकू यायचं आणि मला बघून त्या थांबायच्या. एकदा मला विचारलं, "हात कुठं ठेवाचे असतात गा, बोलताना?" शुक्रवारी जिन्यात अडवून म्हणाल्या, "येशील ना तू?"

"येशील काय मावशी, ऑफिसातले दहाजण घेऊन येतो," मी म्हटलं. उगाच म्हटलं. एकटा येतो म्हणालो असतो आणि आलो असतो, तरी पुष्कळ होतं.

शनिवारी सकाळी ऑफिसातल्या एका मित्राचा फोन आला. बुटीबोरीच्या पुढे त्याच्या शेतावर हुरडा होता आणि सगळे निघाले होते. मी क्षणभर घुटमळलो, नाही असं नाही. पण मग वाटलं, मावशींच्या कार्यक्रमाला श्रोते कमी पडतील? ज्या बाईनं लग्नाचा पाहुणा मूतखड्याला बसवला, ती स्वतःसाठी अर्धं नंदनवन गोळा करील. माझ्यावाचून काही अडणार नाही. तशी माझी समजूत पटली आणि मी गेलो. शेकोटीभोवती बसून गरम हुरडा खाल्ला, थोडा पिशवीत बांधून घेतला. दिवेलागणीला परतलो तेव्हा ग्रंथपाल वाचनालयाला कुलूप लावत होते.

"कसं झालं?" मी विचारलं.

"झालंच नाही," ते म्हणाले. "पेपर वाचायला येणारे दोघे म्हातारे तेवढे वर आले होते. मला वाटलं मावशी आणतील लोक. सगळ्यांनाच तसं वाटलं असेल. मी त्यांना म्हटलंसुद्धा, मावशी, फाटकावर जा ना. तर म्हणाल्या, माह्याच कार्यक्रमाले मीच कशी बलावू? लोक काय म्हणतीन? सव्वासहापर्यंत वाट पाहिली त्यांनी. मग घशाला बरं नाही म्हणाल्या आणि सगळ्या खुर्च्या स्वतः एकात एक रचून ठेवल्या. मला हात लावू दिला नाही."

मावशी घराच्या फाटकातच भेटल्या. नवी सुती साडी अजून अंगावर होती. मी काही विचारायच्या आत बोलून गेलो, "मावशी, ऑफिसात अचानक काम निघालं."

"असंन," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "हुरडा कवळा होता का गा?"

मी पिशवी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मूठभर हुरडा घेतला, चावून पाहिला आणि "चांगला आहे" म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या शनिवारी त्या पुन्हा फाटकावर उभ्या होत्या. अळिंबीच्या लागवडीवर कोणी बोलणार होतं आणि मावशींनी एकतीस माणसं जमवली. त्या दिवसाबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मी मात्र रोज ठरवायचो की एकदा त्यांच्याकडे बसायचं, चहा घ्यायचा आणि म्हणायचं, मावशी, मला सांगा सगळं. दोन वर्षं ठरवलं. मग त्यांचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना हैदराबादला घेऊन गेली. मावशींना धरून गाडीत बसवताना मी म्हटलं, "तुमचं भाषण राहिलं, मावशी." त्या म्हणाल्या, "राहू दे. तिथं काय, फोन आहे ना."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. यंदा मी ग्रंथपालांशी बोललो आणि हैदराबादला मुलीशी. ती म्हणाली, "आई आजकाल थोडी विसरते, दादा. पण जुनं सगळं आठवते तिले. त्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगतच राहते." शनिवार ठरला. फळ्यावर मी स्वतः लिहिलं, "मी केलेली बाळंतपणं." पाच वाजता फाटकावर उभा राहिलो आणि तेव्हा कळलं की अनोळखी माणसाला "या" म्हणणं किती अवघड असतं. लोक नजर चुकवतात, मोबाइल काढतात, पलीकडच्या बाजूनं जातात. मी घामाघूम झालो. पण भाजीवाला आला, मूतखड्याचे डॉक्टर आले, ऑफिसातले सहाजण आले. चाळीस खुर्च्या भरल्या. ग्रंथपालांनी टेबलावर फोन ठेवून त्याला माइक लावला.

मुलीनं फोन मावशींच्या हातात दिला. "हॅलो," त्यांचा आवाज सभागृहभर झाला. तसाच, खणखणीत.

"मावशी, नंदनवनातून बोलतोय. वाचनालयातून. सगळे जमलेत."

"किती लोकं आहेत?"

"चाळीस."

"वा!" त्या म्हणाल्या. त्यांना फार आनंद झालेला कळत होतं. आम्ही वाट पाहत होतो. मग त्यांनी विचारलं, "आज कोण बोलणार आहे गा?"

मी म्हटलं, "तुम्हीच, मावशी. तुमचीच बाळंतपणं." ते त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, कोण जाणे. मागून मुलगी हळू आवाजात काही समजावत होती. मावशी तिला "शूऽऽ" म्हणाल्या. "कार्यक्रम सुरू होऊन राहिला. चूप बस."

त्या ऐकायला बसल्या होत्या. इकडे चाळीस माणसं फोनकडे पाहत होती, तिकडे मावशींचा श्वास ऐकू येत होता. भाजीवाल्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. ग्रंथपालांनी माझ्याकडे पाहिलं.

बऱ्याच वेळानं मावशीच बोलल्या. "वक्त्याले उशीर झाला वाटते. येईन तो. तुम्ही उठू नका."

कोणीच उठलं नाही.