रविवारची अदलाबदल

मलेरिया निघालेल्या प्रत्येक बाईला मी एक प्रश्न विचारते, पाळी कधी आली होती? नोकरीला लागले तेव्हापासून विचारते. ताप पुन्हा उलटू नये म्हणून आम्ही प्रायमाक्विनची गोळी देतो आणि ती गरोदर बाईला चालत नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका बुधवारी मी तो प्रश्न विचारला नाही.

आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र भंडारा जिल्ह्यातलं आहे. नाव लिहीत नाही. डॉक्टरांच्या दोन जागा आहेत आणि भिंतीवरच्या फलकावर नावंही दोन आहेत. दुसरं नाव ज्यांचं, ते प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या ठिकाणी बसतात. कागदोपत्री जागा भरलेली आहे, त्यामुळे ती भरता येत नाही. मी आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहते. नवरा नागपूरला बँकेत आहे, मुलगी पुण्यात. त्या बुधवारी माझा सलग ड्युटीचा तेविसावा दिवस होता. हे मी नंतर कॅलेंडर पाहून मोजलं. त्या वेळी मला उलट वाटत होतं की मी नेहमीपेक्षा भराभर काम करते आहे.

रोवणीत बाया एक तर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरायच्या आधी येतात, नाही तर संध्याकाळी चिखलाच्या पायांनी. ही संध्याकाळी आली. तेवीस-चोवीसची असेल. लुगड्यावरून नवऱ्याचा फुलशर्ट घातलेला, रोवणीत सगळ्याच घालतात. थंडी वाजून ताप. किट लावलं, मलेरिया निघाला. दारात सात-आठ पुरुष ताटकळत होते. मी तापाची आणि प्रायमाक्विनची, दोन्ही गोळ्या लिहिल्या, "जेवून घे" म्हटलं आणि पुढच्याला हाक मारली.

पहिला डोस आमच्यासमोर घ्यायचा असतो. औषधाच्या खिडकीशी तिच्या एका तळहातावर गोळ्या होत्या, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास. आमच्या सिस्टर तेवढ्यात लसीकरणाचा डबा घेऊन परत आल्या आणि त्यांनी तिचं मनगटच धरलं. मला खुर्चीतून दिसत होतं.

"थांब वो बाई. तू आपल्या रजिस्टरमंदी हायेस ना? चवथा महिना?"

ती खाली पाहून हसली. "हो."

"मंग मॅडमले सांगतलं काहून नाही?"

"इतल्या माणसाईत कसं सांगू? अन् मॅडमनं इचारलं कुठी?"

फार्मासिस्टने चिठ्ठी फाडली आणि नवी मागितली. मी गरोदरपणात चालणारी तेवढीच गोळी लिहिली, तिला जवळ बसवून सगळं समजावून सांगितलं. तिला विशेष काही वाटलं नाही. उद्या रोवण्याला जाऊ का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

"काही झालं तर नाही ना, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "कोणाले मालूम हाये? चहा घ्या."

चहा घेतला. उरलेली ओपीडी संपवली. नंतरच्या प्रत्येक बाईला पाळीचं विचारलं. खोकल्यासाठी आलेल्या साठीच्या एका बाईलाही विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, थट्टा करून राहिल्या का म्हातारीची?"

क्वार्टरवर आले तर हे सांगायला कोणी नव्हतं. नवऱ्याचा फोन आला.

"जेवलीस?"

"हो."

"पाऊस आहे का तिकडे?"

"आहे."

तो चांगला माणूस आहे. पण प्रायमाक्विन म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली असती, आणि मग तो काळजी करत बसला असता. स्टाफला सगळं ठाऊकच होतं, आणि त्यांनी मला माफही करून टाकलं होतं. त्यांच्यासाठी मी मॅडम, गावासाठीही मॅडम. माझी चूक माझ्याइतकीच समजेल असं माणूस पंधरा किलोमीटरच्या आत नव्हतं.

आमच्याकडे लसीच्या फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा लिहितात. जनरेटर किती वेळ चालला त्याची वही आहे. डॉक्टर सलग किती दिवस चालला याची वही नाही. मी दोन कागद लिहायला घेतले. एकावर त्या संध्याकाळी काय झालं ते, तारीख-वेळेसकट. दुसऱ्यावर राजीनामा. यापुढे डॉक्टरकी करायची की नाही, हे मला खरोखरच कळत नव्हतं. आज सिस्टर होत्या. उद्या त्या पाच मिनिटं उशिरा आल्या तर?

त्याच आठवड्यात वरून परिपत्रक आलं. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी तणावमुक्तीचं ऑनलाइन सत्र, हजेरी बंधनकारक, वेळ सकाळी अकरा. अकराला आमची ओपीडी सगळ्यांत भरलेली असते. मी मोबाइल औषधाच्या खोक्याला टेकवून ठेवला आणि काम चालू ठेवलं. स्क्रीनवर जिल्हाभरातले डॉक्टर होते, सगळ्यांचे कॅमेरे बंद. एका म्हाताऱ्याच्या दंडाला मी बीपीचा पट्टा बांधत होते, तेवढ्यात मोबाइलमधल्या बाई गोड आवाजात बोलल्या.

"तो फोन काय म्हणून राहिला, मॅडम?"

"डोळे मिटा म्हणतो."

"मी मिटू का?"

"मिटा."

त्याने मिटले, लांब श्वासही घेतले. बीपी मागच्या वेळेपेक्षा खरंच कमी भरलं. सत्र संपल्यावर अभिप्रायाचा फॉर्म आला. मी 'अतिशय उपयुक्त' वर खूण केली. निदान एकाला तरी झालं होतं.

महिन्याच्या बैठकीनंतर मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसमोर दोन्ही कागद ठेवले. साहेब माझ्याच वयाचे, स्वतःच कातावलेले. त्यांच्याकडे तीन ठिकाणांचा कारभार होता.

"मॅडम, राजीनामा समजू शकतो," ते म्हणाले. "पण हे दुसरं कायले लिहून देता? पेशंटला काही झालं नाही. फाइलला लागलं तर तुम्हाला नोटीस निघेल, आणि ती मलाच काढावी लागेल."

"काढा."

"अहो, पण कशासाठी?"

"कारण दोन्ही कागदांचं कारण एकच आहे. मला आठवड्यातून एक दिवस द्या, फोन बंद ठेवायचा. मग राजीनामा मी परत घेते."

"माणूस कुठून आणू? तयार करू?"

माणूस होता. शेजारच्या केंद्रात एक तरुण डॉक्टर माझ्यासारखाच एकटा होता. एका रविवारी त्याने दोन्ही केंद्रं पाहायची, दुसऱ्या रविवारी मी. आठवड्याला नाही, पण महिन्याला दोन दिवस तरी सुटतात. साहेबांनी मान हलवली, "करा तुम्ही आपसात, मी काही म्हणत नाही." मी म्हटलं, लेखी द्या. रविवारी साप चावलेला माणूस आला आणि दगावला, तर डॉक्टर कुठे होती हे मला विचारतील, तुमच्या 'मी काही म्हणत नाही'ला कोण विचारतं? त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. मग दोन ओळींचा आदेश काढला, शिक्का मारला. राजीनामा ड्रॉवरमध्ये गेला. चुकीचा कागद त्यांनी फाइलला लावला. नोटीस आली, मी उत्तर दिलं, पुढे काही झालं नाही.

पहिल्या सुट्टीच्या रविवारी क्वार्टरला कुलूप लावून गावाबाहेर जाणं भाग होतं. घरात असले असते तर लोक म्हणाले असते, मॅडम हायत तर पाहत काहून नाहीत? नवरा लग्नाला वर्ध्याला गेला होता, त्यामुळे नागपूरला जाण्यात अर्थ नव्हता. मी साकोलीला गेले. चादर घेतली, डोसा खाल्ला. साडेअकराला माझी सगळी कामं संपली. फोन बंद होता. बस स्टँडच्या बाकावर बसले. नागपूरची बस गेली, गोंदियाची गेली.

शेजारच्या बाईने विचारलं, "कुठी जाऊन राहिल्या, बाई?"

"कुठीच नाही."

"मंग बसल्या कायले?"

"बसायसाठीच."

ती जरा सरकून बसली. मला हसू आलं, आणि मग लक्षात आलं की आपल्याला नावाने ओळखणारं इथे कोणी नाही आणि नवरा-मुलगी सोडून ज्याला फोन करावा असंही कोणी आठवत नाही. इतक्या दिवसांत हे लक्षात यायला वेळ मिळाला नव्हता. चारच्या बसने परत आले. झोप मात्र चांगली लागली.

खरा फरक शनिवारी पडला, आणि त्याची कल्पना मलाही नव्हती. रविवार दुसऱ्यावर टाकायचा तर शनिवारी संध्याकाळी फोन करून सगळं सांगावं लागतं. कोणाचा ताप उतरत नाही, कोणाची बाळंतपणाची तारीख जवळ आली आहे, अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर कोण आहे. पहिला फोन चार मिनिटांत संपला. दुसऱ्या वेळी यादी संपल्यावर मी ठेवते म्हणायच्या ऐवजी प्रायमाक्विनचं सांगून टाकलं.

"मॅम," तो म्हणाला, "मी एकाच्या छातीतल्या दुखण्याला गॅस म्हटलं होतं. गोळी देऊन घरी पाठवला. त्याला पटलं नाही, तो तसाच भंडाऱ्याला गेला. अॅटॅक निघाला. वाचला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला असता तर मेला असता."

"कोणाला सांगितलंस?"

"आत्ता तुम्हाला."

तेव्हापासून दर शनिवारी यादी झाली की तो म्हणायचा, "आणि?" मग मी आठवड्यातलं काय चुकलं, काय चुकता चुकता राहिलं ते सांगायची. मग तो सांगायचा. आम्ही एकमेकांची समजूत घालत नव्हतो. "पुढच्या वेळी ईसीजी आधी काढ," इतकंच. माझा पाळीचा प्रश्न पुन्हा जागेवर आला. आता बाईला पडद्यामागे नेऊन विचारते. धान कापणीच्या सुमारास मी साहेबांना या शनिवारच्या फोनचं सांगितलं आणि राजीनाम्याचा कागद मागून घेतला. त्यांनी तो काढून दिला आणि म्हणाले, "मलाही असा शनिवार पाहिजे होता." ते हसत नव्हते.

उन्हाळ्यात त्या डॉक्टर मुलाला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला आणि तो गेला. जावंच लागतं. शेवटच्या शनिवारी त्याने यादी दिली, "आणि?" म्हणाला, मी सांगितलं, आणि संपलं. नंतरचे दोन महिने तिकडे कोणीच नव्हतं. आदेश कागदावर तसाच होता, पण अदलाबदलीला दुसरी बाजू नव्हती. माझे रविवार परत ओपीडीत गेले. शनिवारी सात वाजले की मी फोनकडे पाहत बसायची. मग उठून कपडे घड्या करायची.

बैठकीत मी उभी राहून सगळ्या डॉक्टरांसमोर बोलले. प्रत्येक केंद्राला जोडीचं केंद्र नेमा, लेखी नेमा, आणि शनिवारचा फोन कामाच्या वेळेत धरा. का, हे सांगताना माझी चूकही सांगितली. चहाच्या वेळी दोघांनी माझ्याशी फक्त हवापाण्याच्या गप्पा मारल्या. साहेबांनी प्रस्ताव पाठवला आहे.

परवा शेजारच्या केंद्रात नवीन मुलगी रुजू झाली. पहिलीच नेमणूक, कंत्राटी. मी साहेबांना म्हटलं, एवढ्यात तिच्यावर दोन केंद्रं टाकू नका. आधी तिचे रविवार मी सांभाळते, माझे नंतर पाहू. शनिवारी सातला फोन लावला. तिने यादी नीट दिली, वहीतून वाचत असावी.

"आणि?" मी विचारलं.

"आणि काय, मॅम? सगळं ठीक आहे इथे."

हे वाक्य मी किती वर्षं म्हणत आले, मला माहीत आहे. मी तिला काही विचारलं नाही. तिला प्रायमाक्विनचं सांगितलं, पहिल्यापासून, हातातल्या ग्लाससकट. पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता.

"मॅम," ती म्हणाली, "पेशंट आलाय. ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं. "पुढच्या शनिवारी मीच करते."