वाकडेपणा मोजणारे साहेब

वाकड्या गोष्टींवर इतकी माया करणारा माणूस आमच्या साहेबांखेरीज अख्ख्या दिल्लीत नव्हता. नोएडात तेव्हा सेक्टरांना आकडे मिळाले होते, रस्ते मिळायचे होते. आणि आमची चिमुकली कंपनी गच्च्यांवर डिश बसवून नव्या कचेऱ्या रेडिओने जोडून देई. जोर वाढवला की रेडिओतला अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल वाकवतो. साहेब त्याच्यावर कधी चिडले नाहीत. तो किती वाकवतो ते मोजायचं आणि सिग्नल आधीच तेवढा उलटा वाकवून त्याच्या हवाली करायचा, म्हणजे बाहेर सरळ पडतो, ही त्यांची विद्या. माणसांनाही ते तीच लावत. मी अर्धा तास उशिरा उगवतो हे हेरून मला साडेआठला बोलावत आणि स्वतः नऊला येत. घरी, म्हणजे लक्ष्मीबाई नगरात वहिनींना नोकरीमुळे मिळालेल्या सरकारी क्वार्टरात, चहा मुद्दाम बिनसाखरेचा मागत; वहिनी सवयीने दोन चमचे घालत. "अगदी बेताचा झालाय," असं म्हणून साहेब तृप्त.

माझी नोकरी कच्ची होती. पहिली चाचणी पार पडली तर पक्की, नाहीतर बिस्तरा बांधून परत गावी, नगरला. अ‍ॅम्प्लिफायर मोजायचं काम माझं, आणि ते मी जीव ओतून केलं: एसीत, स्वेटर घालून. चाचणी मात्र जूनच्या दुपारी, गच्चीवर, पत्र्याखाली. तापलेला अ‍ॅम्प्लिफायर निराळाच वाकू लागला, माझ्या मापांवर बेतलेली दुरुस्ती त्यात भर घालू लागली आणि दोन गच्च्यांमधली लिंक बंद पडली.

"पलीकडची वायर ढिली असणार, सर," मी छातीठोक सांगितलं.

साहेबांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीला हात लावून झटकन मागे घेतला. "मोजलास कुठे?"

"लॅबमध्ये."

"एसी चालू?"

"बिल्कुल."

"अच्छा. म्हणजे जानेवारीतला अ‍ॅम्प्लिफायर मोजलास."

मग पत्र्याखालच्या भट्टीत बसून आम्ही तो पुन्हा मोजला. कडेने येणारं ऊन अडवायला साहेबांनी छत्री धरली होती ती मीटरवर, माझ्यावर नव्हे. चारला लिंक उभी राहिली.

"गलती किसकी थी?" गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरने विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच साहेब म्हणाले, "मेरी. गर्मी का हिसाब मैंने नहीं रखा." अहवालातही तसंच लिहिलं. मी पक्का झालो. आमच्या कंपनीच्या गुरगावच्या नव्या कचेरीचं प्रमुखपद साहेबांना मिळणार होतं, ते दुसऱ्याला गेलं.

"मी खरं सांगितलं असतं, सर," पुढे एकदा मी म्हणालो.

"नसतं सांगितलंस," ते प्रेमाने म्हणाले. "चहा घे."

गुरगावच्या त्या कचेरीवरून अजून माझं जाणं होतं. काचेपलीकडे प्रमुखाची खोली दिसते, आणि साहेब तिथे कसे दिसले असते हे डोळ्यांपुढे आणायचा मी प्रयत्न करतो.