समुद्राची डिग्री

बायको गेली त्याला आता दुसरा उन्हाळा. खाट मी उचलून ठेवली, पण खाटेसमोरची काचेची पेटी चालू आहे. दोन फूट लांब, फूटभर रुंद, साठ लिटर पाण्याची. तिच्यात समुद्र आहे. बीड जिल्ह्यातल्या टँकरच्या गावात समुद्र म्हणल्यावर लोक हसतात. हसू द्या. मी चौथी शिकलेला माणूस, नटवून सांगता येत नाही. झालं तसं सांगतो.

आमची पोरगी कोकणात दिलेली. जावई तिकडं मच्छीच्या बर्फाच्या कारखान्यात. आम्ही दोघं तिच्याकडं एकदाच गेलो. मला समुद्र काही आवडला नाही. एवढं पाणी, अन् घोटभर तोंडात घेता येत नाही, मग असून काय उपयोग? पण ओहोटीला खडकात एक डबकं राहिलं होतं, त्याच्यापाशी ही जी बसली ती उठेचना. डबक्यात फुलासारखं कायतरी जित्तं होतं, मिटायचं अन् उघडायचं. दुपारभर बघत बसली. निघताना म्हणली, "हे घरी न्हेता येतं का हो?"

मी म्हणलं, "येडी झालीस का?" तिनं पदर झटकला अन् चालायला लागली.

पुढं तिला पोटाचा आजार निघाला. बीडच्या डॉक्टरनं शेवटी सांगितलं, घरी न्या, त्यांना जे आवडतं ते द्या. पोरगी आली. तिनं विचारलं, "आई, काय खाऊ वाटतंय?"

"खायचं काय न्हाई गं. ते डबक्यातलं फूल उघडलेलं एकदा बघायचंय."

तिला कोकणात न्यायची सोय उरली नव्हती. मांजरसुंब्याच्या फाट्यापर्यंत जीपचे हादरेसुद्धा सोसत नव्हते. जावई म्हणले, "मामा, आपण फूलच इकडं आणू."

पुण्याच्या दुकानदारानं सामानाची यादी दिली. तिच्यात फेस काढायचं एक मशीन होतं. पाण्यात बारीक हवा सोडून ते फेस करतं, फेसाबरोबर घाण वर येते, ती काढून टाकायची. मला लगेच उमगलं, हे साय काढायचंच मशीन की. पण ते रात्रंदिवस चालवावं लागतं, अन् आमच्याकडची लाईट म्हणजे रुसलेली सून, कधी निघून जाईल नेम नाही. बायकोच्या पंख्यापुरता इन्व्हर्टर होता, त्यावर पाणी हलवायची एक बारकी मोटर अन् एक दिवा निघाला असता, जास्त नाही.

जावयांच्या ओळखीचे एक मास्तर घरी अशा पेट्या ठेवायचे. ते म्हणले, मशीनवाचून भागतं. दगड अन् वाळू भरपूर घाला, जीव मोजके ठेवा, खायला चिमूटभर टाका. दगडाला बारीक जीव धरतात, ते घाण खातात. उरलेली घाण तुम्ही काढायची, दर आठ दिवसांनी सहा लिटर पाणी काढून तेवढं ताजं घालायचं. हे मला पटलं. मशीन नसलं तर माणसानं रोज लक्ष ठेवायचं. लक्ष ठेवायला मला दुसरं काम तरी काय होतं?

संक्रांतीनंतर पेटी मांडली, आतल्या खोलीत, तिच्या खाटेसमोर. वर मातीचं माळवद, भिंतीही मातीच्या, म्हणून तिथं गारवा असतो. टँकरचं पाणी चालणार नव्हतं, गाळलेल्या पाण्याचे विकतचे जार लागायचे. मीठसुद्धा वेगळं, पुड्यातलं. मी विचारलं, "खडेमीठ चालंल का?" जावई हसले. मी परत विचारलं नाही.

जार चौसाळ्याहून माझा दोस्त आणायचा. आमच्या दूध संस्थेचा टेम्पो त्यानं उभी हयात चालवला. पहिला जार दारात आपटून म्हणला, "बे, लोकं हंड्यासाठी डोकी फोडायलेत अन् तू दगडं भिजवायला जार मागवायलास?"

"माझ्या अंघोळीचं पाणी हाय ते."

"मंग लोकं आता वासावरनं वळखतील तुला."

शिव्या देत का होईना, आठवड्याला जार आणायचा. मी खरंच अंघोळ कमी केली. दिवसाआड तांब्याभर पाण्यात पंचा भिजवून अंग पुसायचो. ते माझं मलाच बरं वाटायचं. गावात पाण्यावाचून बाया ताटकळत असताना फुकट मिरवलं असं कोणी म्हणू नये म्हणून.

आता डिग्रीचं सांगतो. मी तीस वर्षं गावच्या संस्थेत दूध तपासलं. काचेची कांडी असते, खाली जड गोळा. दुधात सोडली की उभी तरंगते. दूध पातळ असलं तर खाली बुडते, घट्ट असलं तर वर राहते. कांडीवर आकडे असतात, त्याला आम्ही डिग्री म्हणतो. अठ्ठावीसच्या वर असलं तर दूध घ्यायचं, खाली असलं तर परत. मग तो सरपंच असो का सख्खा भाऊ. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, संस्था बंद पडली. कुलूप लावताना ती कांडी मी खिशात घातली. चोरी म्हणा पाहिजे तर.

जावयांनी खारं पाणी मोजायला प्लास्टिकचं यंत्र आणलं होतं. मी शेजारी माझी कांडी सोडली. दोघांचं म्हणणं एकच आलं, पंचवीस. म्हणजे समुद्र माझ्या काट्यावर परत पाठवायच्या लायकीचा निघाला. हे बायकोला सांगितलं तर हसता हसता तिला ठसका लागला.

"एवढ्या मोठ्या समुद्राला परत पाठवणार व्हय तुमी? तुमचा काय भरवसा न्हाई."

सहा आठवडे पेटीत नुसते दगड. काचेवर तपकिरी शेवाळ यायचं, मी पुसायचो. बारीक जीव धरून दगड पिकल्याशिवाय पेटीत फूल सोडायचं नाही असं मास्तरांनी बजावलं होतं. घाई मला होती. तिचं जेवण दोन घासावर आलेलं मी बघत होतो. तीच म्हणायची, "विरजण लावल्यावर सारखं झाकण उघडून बघत्यात का?"

होळीच्या सुमाराला जावई एसटीनं आले. मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरले ते पाण्याची पिशवी पोटाशी धरून, लेकरू धरावं तशी. समुद्रातनं असलं तोडून आणायला बंदी आहे, म्हणून मास्तरांनी स्वतःच्या पेटीत वाढवलेला तुकडा दिला होता. सुपारीएवढ्या दगडावर बटणासारखी सात फुलं, सगळी मिटलेली. "मामा, दोन-चार दिवसांत उघडतील," म्हणले अन् नोकरीवर परत गेले.

चार दिवस झाले, आठ झाले. उघडेनात. त्याच आठवड्यात ऊन भडकलं. पाणी तापू नये म्हणून मी पेटीवर टेबलफॅन लावला. पाणी गार राहायला लागलं, पण रोज बोटभर कमी व्हायचं. तेवढं मी मिठाचं पाणी कालवून, कांडीनं बरोबर पंचवीस करून, भरून काढायचो. साधं पाणी ओतायचं माझ्या हाताला ठावंच नव्हतं. पाणी ओतणाऱ्यांना पकडण्यात ज्याची जिंदगी गेली, तो स्वतः पाणी ओतेल का? अन् पेटीतलं पाणी मोजायची मला गरजही वाटली नाही. पंचवीसचं होतं, पंचवीसचंच घालतोय, मग पंचवीसच असणार.

बाराव्या दिवशी दोन बटणं विरघळून गेली. मी तिच्यापासनं लपवलं. पण तिला दिसलं होतं. उशीवरनं डोकं न उचलता म्हणली, "काचंला वरच्या अंगानं पांढरं कशाचं धरलंय?"

"मीठ हाय."

"बोअरचं पाणी उकळल्यावर हंड्याच्या बुडाला धरतं तसं?"

"तसंच."

"मंग पाणी उडून जातंय अन् मीठ मागं राहतंय. तुमी रोज वरनं आणिक मीठच घालायलात."

मी कांडी काढली अन् पेटीत सोडली. तेहेतीस. एवढी डिग्री मी म्हशीच्या दुधालासुद्धा कधी बघितली नव्हती. तिला एकच गोष्ट बघायची होती, अन् ती मी माझ्या हातानं खारवून मारत होतो.

"साधं पाणी घाला," ती म्हणली.

मी जार उचलला, पण हात पुढं होईना.

"घाला की. आता कोण बघतंय? संस्था तर बंद पडली." अन् मग म्हणली, "त्या वर्षी मी पाणी घातलं नव्हतं बरं का."

कुठलं वर्ष ते मला विचारावं लागलं नाही. पहिल्या मोठ्या दुष्काळात आमच्याच घरचं दूध मी संस्थेत चारचौघांत परत पाठवलं होतं. चोवीस डिग्री. बादली घेऊन ती उन्हाची घरी गेली होती.

"मला ठावं होतं," मी म्हणलं. "गाईला नुसती उसाच्या शेंड्याची वाढं मिळायची. त्यानं दूध पातळ पडतं."

"मंग परत कावून पाठवलं?"

"सगळे बघत होते."

तिनं मान पेटीकडं वळवली. पंखा फिरत होता. मग म्हणली, "त्या दुधाची मी खीर केली होती. तुमी दोन वाट्या खाल्ली."

"चुकलं माझं," मी म्हणलं. एवढे दोन शब्द तोंडातनं निघायला माझे केस पांढरे झाले.

"बरं. आता पाणी घाला. अन् एकदम न्हाई, दमानं."

तिच्या सांगण्यावरनं रोज सकाळी अडीच लिटर खारं पाणी काढायचं, तेवढं साधं घालायचं, अन् उडालेलं पाणीही साध्यानंच भरायचं. पातळ धार धरून, हळूहळू. काढलेलं खारं पाणी मी लांब मुरमाड रानात नेऊन ओतायचो. रोज कांडी सोडली की ती विचारायची, "किती?" बत्तीस. एकतीस. तीस. असं रोज एकेक उतरत गेलं. उतरत्या डिग्रीनं मला पहिल्यांदाच बरं वाटत होतं. तिचं जेवणही त्याच दिवसांत उतरत होतं. दोन घासाचा एक घास, मग नुसतं पेजेचं पाणी. दोन्ही उतार एका घरात चालले होते, अन् कोण आधी पोचतं हे मला बघवत नव्हतं.

आठव्या दिवशी कांडी पंचवीसवर आली. दिवसभर काही झालं नाही. नवव्या दिवशी, उन्हं माथ्यावर आली असतील, मी दारात तिचं लुगडं वाळत घालत होतो. आतनं हाक आली. हाक कसली, खाटेची कड तिनं बांगडीनं वाजवली.

मी आत गेलो. एका बटणाची कड सुटली होती. मग हळूच सगळं उघडलं. मधी हिरवं, भवतीनं बारीक झालर, झालर पाण्याबरोबर हलत होती. थोड्या वेळानं दुसरं, मग तिसरं. पाचातली तीन. मोठं म्हणाल तर हरभऱ्याएवढं.

"एवढंच असतंय व्हय?" मी म्हणलं.

"एवढं लई हाय," ती म्हणली.

खाट जवळ ओढा म्हणली, ओढली. अजून म्हणली. खाटेचा पाय पेटीच्या टेबलाला लागला तेव्हा पुरे म्हणली. लुगडं अर्धंच वाळत घातलं होतं म्हणून मी उठायला लागलो, तर तिनं मनगट धरलं. त्या हातात काही जोर नव्हता. चिमणीनं धरावं तसं.

"बसा की जरा. सगळे बघत्यात का आता?"

दार सताड उघडं होतं. गल्लीतनं बाया रिकाम्या घागरी घेऊन टँकरकडं चालल्या होत्या, दोघी-तिघींनी आत डोकावलंसुद्धा. उभ्या संसारात दिवसाढवळ्या मी तिच्या खाटेवर बसलो नव्हतो. त्या दिवशी बसलो. बघायचं त्यांनी बघितलं. तिला झोप लागली तरी मी मनगट सोडवून घेतलं नाही.