पेन वॉर्डातच राहिलं

बहात्तरच्या दुष्काळात मी सोलापूरच्या एका दवाखान्यात नवा डॉक्टर होतो. एक नर्स एका रात्रीपुरती आमच्या वॉर्डात बदलीवर आली होती. रात्री पेशंटचं काही बिनसलं की नर्स कॉलबुकात लिहायची, आया ते आमच्या खोलीवर आणायची आणि आम्ही सही करून निघायचं, अशी पद्धत. मी बरेचदा सही करून परत झोपायचो.

त्या रात्री आयानं मला हलवून उठवलं. हातात वही होती, पेन नव्हतं.

"पेन वॉर्डातच हाय. सही तितंच येऊन करा म्हनल्या सिस्टर."

मी चिडूनच गेलो. दुष्काळी कामावर पाय चिरडलेल्या मोहोळच्या एका म्हाताऱ्याचं दुपारी ऑपरेशन झालं होतं. ती त्याच्या मनगटावर बोटं ठेवून, छातीवर टाचलेल्या घड्याळाकडे बघत उभी होती. मान वर न करता म्हणाली, "सही झोपंतबी करता येती की, डॉक्टर. नाडी बघायला जागं व्हावं लागतंय."

पट्टी रक्तानं भिजली होती. टाक्यांचा ट्रे तिनं आधीच मांडून ठेवला होता.

पहाटे म्हाताऱ्यानं पाणी मागितलं, तेव्हा कुठे तिनं वही आणि पेन माझ्यापुढं केलं. त्याच पानावर, मला उठवलं त्याच्या तासभर आधीचा आणखी एक कॉल होता, त्याच म्हाताऱ्याचा. त्याखाली माझी सही होती.

ती मी कधी केली, मला आजही आठवत नाही.